पाखरांच्या ग्रुपवर माणसांचे बोलणे

येलदरीचे धरण परभणी जिल्ह्यातल्या बहुतेकांनी एकदा तरी पाहिलेले असते. जिंतूर तालुक्यात पूर्णा नदीवर बांधलेले हे धरण १९६८ मध्ये पूर्ण झाले. दहा दरवाजे, पायथ्याशी वीजनिर्मिती केंद्र आणि मागे सुमारे ९३४ दशलक्ष घनमीटर पाणी मावेल एवढा जलाशय. पावसाळ्यात दरवाजे उघडले की बघ्यांची गर्दी होते. हिवाळ्यात मात्र काठावर शांतता असते आणि तेव्हा पाण्यावर पाखरे उतरतात.

आम्ही तिघे शिक्षक. आठवडाभर वर्गात उर्दू आणि मराठी शिकवायची आणि रविवारी पहाटे दुर्बीण घेऊन काठावर जायचे, हा आमचा छंद. आमच्या मागे विद्यार्थी आले, त्यांचे पालक आले, दोन दुकानदार आले, एक निवृत्त कर्मचारी आले आणि काही मासेमारी करणारेही आले. कोणी काय पाहिले ते एकमेकांना कळावे म्हणून आम्ही व्हॉट्सॲपवर एक ग्रुप केला. विषय एकच, पाखरे. त्या ग्रुपवर आमच्या हातून एक चूक झाली आणि त्या चुकीने आम्हाला बरेच शिकवले. आज घराघरांत असे ग्रुप आहेत. कुठे शिवणकामाचा, कुठे मेहंदीचा, कुठे स्वयंपाकाचा, कुठे कबुतरांचा, कुठे क्रिकेटचा, तर कुठे शेरो-शायरीचा. म्हणून आमचा अनुभव वाचक बंधू-भगिनींना उपयोगी पडेल असे वाटते.

पहिले सहा महिने फार चांगले गेले. कोणी पाणकावळ्याचा फोटो टाकी, कोणी टिटवीच्या अंड्यांची खबर देई. एखादा विद्यार्थी विचारी, ‘सर, हा काळा पक्षी, कपाळ पांढरं, कोणता?’ आणि पाच जण उत्तर देत की हा चांदवा, याला वारकरीसुद्धा म्हणतात. मग माणसे वाढली आणि बोलणेही वाढले. सकाळी शुभ सकाळची फुले, दुपारी नोकरीच्या जाहिराती, संध्याकाळी क्रिकेटचा स्कोअर, रात्री विनोद. कोणाच्या मुलाच्या दहावीच्या निकालावर साठ अभिनंदने. निवडणूक जवळ आली तसे पक्षांचे झेंडे आले. एके दिवशी आम्ही मोजले, तेव्हा शंभर मेसेजमध्ये पाखरांचे जेमतेम दहा निघाले.

जे खरोखर पाखरांसाठी आले होते ते कुरकुरू लागले. एक जण म्हणाला, ‘सर, चक्रवाक आल्याची बातमी मला तीन दिवसांनी दिसली. विनोदांच्या खाली दबून गेली होती.’ त्यांचे म्हणणे खरेच होते. ज्यासाठी जमलो तेच सापडेना, तर जमायचे कशाला?

मग आम्ही शिक्षकांसारखे वागलो. एक कडक सूचना काढली : ‘या ग्रुपवर फक्त पक्षी. दुसरा कोणताही मेसेज काढून टाकला जाईल.’ ॲडमिनला कोणाचाही मेसेज सर्वांसाठी काढून टाकता येतो. ती सोय आम्ही तिघेही सढळ हाताने वापरू लागलो. ग्रुप आठ दिवसांत स्वच्छ झाला आणि आम्ही स्वतःवर खूश होतो.

आमच्या ग्रुपवर एक मासेमारी करणारे गृहस्थ होते. त्यांना सगळे मामा म्हणत. मामांना लिहायचा कंटाळा, ते आवाज रेकॉर्ड करून पाठवत. आम्ही पुस्तकातून पाखरे शिकलो, मामा होडीतून शिकले होते. ज्या बदकाला पुस्तकात लांबलचक नाव होते त्याला मामा ‘हळदी-कुंकू’ म्हणत. चोचीच्या टोकाला पिवळे, बुडाशी लाल ठिपके, म्हणून हळदी-कुंकू. एकदा ऐकले की मूल ते नाव विसरत नसे. कोणत्या खाडीत कोणते पाखरू कधी उतरते हे त्यांच्याइतके आमच्यापैकी कोणालाच ठाऊक नव्हते.

एका रात्री मामांचा आवाज आला. त्यांच्या पत्नीला दवाखान्यात दाखल केले होते आणि रक्त हवे होते. रक्तगट सांगितला होता, कोणी असेल तर फोन करा म्हणून विनवले होते. आमच्यापैकी एकाने तो मेसेज ऐकलाही नाही. मामांचा आवाज आहे, फोटो नाही, आणि वरच्या दोन मेसेजमध्ये घराविषयीच काही चालले आहे एवढे पाहिले आणि सवयीने काढून टाकला. सकाळी पाहिले तर मामा ग्रुप सोडून गेले होते.

खरा प्रकार दुसऱ्या दिवशी बाजारात कळला. आम्ही तिघेही त्यांच्या घरी गेलो. अल्लाहच्या कृपेने रक्त दुसरीकडून मिळाले होते आणि मामी सुखरूप होत्या. मामांनी चहा पाजला, रागावले नाहीत. एवढेच म्हणाले, ‘सर, तुमच्या ग्रुपात पाखराचा पाय मोडला तर समदे इचारतेत. माणसाचं सांगितलं तर पुसून टाकतेत व्हय?’

याला आमच्याकडे उत्तर नव्हते. माफी मागून परत आलो. त्या रात्री बसून पहिल्यांदा नीट विचार केला की विषय सोडून होणारे बोलणे म्हणजे नक्की काय, आणि त्याचे करायचे काय.

हा प्रश्न व्हॉट्सॲपमुळे जन्मलेला नाही. माणसे एका छंदासाठी जमली की ती इतर गोष्टी बोलणारच. जुन्या लोकांनी त्यावर आपापले उपाय शोधून ठेवले आहेत. आम्ही उर्दू शिकवतो म्हणून आम्हाला आधी मुशायरा आठवला. तरही मुशायऱ्यात शायरांना आधीच एक ओळ दिली जाते. तिला मिसरा-ए-तरह म्हणतात. त्याच वजनात, त्याच काफिया आणि रदीफमध्ये प्रत्येकाने गझल लिहून आणायची. पण शायराजवळ दुसरेही काही असते, त्या ओळीत न बसणारे. त्याला कोणी गप्प बसवत नाही. त्याच्यासाठी गैरतरही दौर ठेवतात. आधी तरहचे होऊ द्या, मग मनातले ऐकवा. शमा समोर आली की आपली पाळी, आणि दुसऱ्याच्या पाळीत मध्ये बोलणे म्हणजे बेअदबी. एकाच मैफलीत विषयही सांभाळला जातो आणि माणूसही.

दुसरे उदाहरण पाखरांच्या दुनियेतलेच. १५ सप्टेंबर १८८३ रोजी मुंबईत आठ जण जमले आणि बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी सुरू झाली. त्या आठांत डॉ. आत्माराम पांडुरंग आणि डॉ. सखाराम अर्जुन हे दोघे आपले होते. आपापली निरीक्षणे एकमेकांना सांगायची, मिळालेले नमुने दाखवायचे, एवढ्यासाठी ही मंडळी भेटत. १८८६ पासून संस्थेचे नियतकालिक निघू लागले. त्यात मोठ्या अभ्यासलेखांबरोबर किरकोळ टिपणांसाठीही एक वेगळा विभाग असतो. कोणाला एखादी विचित्र गोष्ट दिसली, जिचा मोठा लेख होत नाही, तर ती तिथे जाते. मुख्य लेखांत तिची अडगळ होत नाही आणि ती फेकलीही जात नाही.

याच संस्थेच्या दारात एक मुसलमान मुलगा एकदा मेलेली चिमणी घेऊन गेला होता. खेळण्यातल्या छऱ्याच्या बंदुकीने त्याने ती मारली होती आणि तिचा गळा पिवळा का, हे त्याला कळेना. संस्थेचे सचिव मिलार्ड साहेब यांना तेव्हा दुसरी कामे नव्हती असे थोडेच आहे? पण त्यांनी त्या मुलाला चिमणीचे नाव सांगितले आणि संस्थेतला पक्ष्यांचा संग्रह फिरून दाखवला. तो मुलगा म्हणजे डॉ. सलीम अली. औरंगाबादच्या सलीम अली सरोवराला त्यांचेच नाव आहे. १२ नोव्हेंबर हा त्यांचा जन्मदिवस आणि ५ नोव्हेंबर हा मारुती चितमपल्ली यांचा. या दोन तारखांमधला आठवडा महाराष्ट्रात २०२० पासून पक्षी सप्ताह म्हणून साजरा होतो. आम्हाला वाटले, त्या दिवशी दारातूनच ‘इथे पोरांचे काम नाही’ असे उत्तर मिळाले असते तर? नवखा माणूस नेहमी थोडा चुकीच्या जागी, चुकीच्या वेळी, चुकीचा प्रश्न घेऊनच येतो.

या सगळ्यातून आमच्या ध्यानात आले की आम्ही तीन अगदी वेगळ्या गोष्टींना ‘विषयबाह्य’ हे एकच नाव दिले होते.

पहिली गोष्ट म्हणजे सुख-दुःख. कोणाचा इंतकाल झाला, कोणी दवाखान्यात आहे, कोणाला रक्त हवे आहे. दुसरी गोष्ट म्हणजे गप्पा. विनोद, स्कोअर, शुभेच्छा, निकाल, आंब्याचा भाव. तिसरी गोष्ट म्हणजे विष. अफवा, एखाद्या समाजाची टवाळी, भांडण लावणारे व्हिडिओ. पहिलीला जागा द्यायची असते, दुसरीला वेगळी खोली द्यायची असते आणि तिसरी दारातच थांबवायची असते. आम्ही तिन्हींवर एकच झाडू फिरवला. गंमत अशी की त्यात विष फारसे गेलेच नाही. त्याला पाखराचा फोटो जोडून कोणी पाठवले की ते आमच्या नजरेतून सुटत असे.

मग आम्ही पद्धत बदलली. गप्पांसाठी दुसरा ग्रुप केला. त्याला सगळे कट्टा म्हणतात. ज्याला हवे त्याने यावे, ज्याला नको त्याने येऊ नये. पाखरांच्या ग्रुपवर कोणी विनोद टाकला तर आम्ही तो आधी कट्ट्यावर पाठवतो आणि मगच इकडून काढतो. त्या सदस्याला खासगीत एक ओळ लिहितो : ‘तुमचा मेसेज कट्ट्यावर ठेवला आहे, तिथे सगळे हसताहेत.’ माणूस दुखावत नाही आणि पुढच्या वेळी आपणच बरोबर दारातून आत येतो.

चारचौघांत टोकायचे नाही, हा नियम आम्ही स्वतःला घालून घेतला. वर्गात चाळीस मुलांसमोर एकाला बोलले की तो सुधारत नाही, कोमेजतो, हे आम्ही शिक्षक जाणतो. मग वडीलधाऱ्या माणसाला दीडशे जणांसमोर ‘कृपया विषयाला धरून लिहा’ असे कसे लिहायचे? तरुणाला खासगी मेसेज पुरतो, पण वयाने मोठ्यांना आम्ही फोन करतो. फोनवर आधी खुशाली विचारतो, मग विषय काढतो. दोन मिनिटांत काम होते.

सुख-दुःखासाठी पाखरांचा ग्रुपही चोवीस तास उघडा आहे. मृत्यू, आजारपण, रक्त, हरवलेले माणूस आणि धरणाच्या पाण्याची सूचना, या पाच गोष्टींसाठी कोणाचीही परवानगी लागत नाही. अट एकच : लिहिणाऱ्याने तो माणूस किंवा ती घटना स्वतः ओळखलेली असावी आणि फोन करून खात्री केलेली असावी. कुठून तरी आलेला मेसेज जसाच्या तसा पुढे ढकलायचा नाही.

ही अट आम्ही उगाच घातलेली नाही. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यात, साक्री तालुक्यातल्या राईनपाडा येथे, नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना जमावाने ठेचून मारले. भिक्षा मागून पोट भरणारी ही माणसे होती. मुले पळवणारी टोळी फिरते आहे अशा अफवा मोबाईलवरून पसरल्या होत्या. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एक मेसेज एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवता येईल अशी मर्यादा घातली. पुढे एप्रिल २०२० मध्ये, अनेकदा पुढे गेलेला मेसेज एका वेळी एकाच ठिकाणी पाठवता येईल असे केले. पण यंत्राची मर्यादा पुरेशी नसते. ‘लहान मूल हरवले आहे’ हा मेसेज खरा असेल तर मदत आहे आणि खोटा असेल तर कोणाचा तरी जीव घेऊ शकतो. दोन्हींतला फरक एका फोनचा असतो. कुरआनच्या सूरह हुजुरातमध्ये, कोणी खबर आणली तर आधी तिची खातरजमा करा, नाहीतर अजाणता एखाद्या समूहाचे नुकसान कराल आणि मग पस्तावाल, अशी ताकीद आहे. आमच्या ग्रुपवर सर्व धर्मांचे लोक आहेत आणि ही गोष्ट सर्वांना सारखीच पटली.

तिसऱ्या प्रकाराबाबत मात्र आम्ही नरम नाही. भांडण लावणारा मेसेज लगेच काढला जातो, तो कट्ट्यावरही जात नाही. पाठवणाऱ्याला त्याच दिवशी फोन जातो आणि पुन्हा तसे झाले तर त्याला ग्रुपबाहेर काढले जाते. ॲडमिन लोक कायद्याच्या भीतीने एक तर सगळेच बंद करतात किंवा ग्रुपच सोडून देतात. त्यांच्या माहितीसाठी सांगतो. २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने गोंदिया जिल्ह्यातल्या एका प्रकरणात असा निर्णय दिला की एखाद्या सदस्याने आक्षेपार्ह मजकूर टाकला म्हणून ॲडमिनला आपोआप गुन्हेगार धरता येत नाही. त्यात त्याचा समान हेतू असल्याचे दिसले पाहिजे. तेव्हा भीतीने नव्हे, जबाबदारीने वागावे. कायद्याने सोडले तरी आपल्या दारातून कोणाच्या घरी काय जाते, याचा हिशेब आपल्याला द्यायचाच आहे.

एक गोष्ट आम्हाला एका विद्यार्थिनीने शिकवली. कडक नियमाच्या दिवसांत तिने खासगीत विचारले होते, ‘सर, ग्रुपवर ईद मुबारक लिहिलं तर ते विषयबाह्य होईल का?’ आम्ही चमकलो. कारण त्याआधीच्या दिवाळीला शुभेच्छांचा पूर आला होता आणि तेव्हा नियम नव्हता. आता नियम झाल्यावर पहिली आलेली ईद होती. कोणाच्याही मनात काही वाईट नव्हते, पण त्या मुलीला कसे दिसले असेल? नियम कडक असला तरी चालतो, तो सर्वांना सारखा आहे हे डोळ्यांनी दिसले पाहिजे. आता ईद असो, दिवाळी असो, आंबेडकर जयंती असो की नाताळ, सणाच्या दिवशी सकाळी आम्ही ग्रुपतर्फे एक शुभेच्छा लिहितो, सर्वांनी तिच्याखालीच उत्तर द्यायचे. बाकीच्या शुभेच्छा कट्ट्यावर. कोणाचाही सण सुटत नाही आणि पाखरेही दबत नाहीत.

आपल्या भगिनींच्या ग्रुपविषयीही दोन शब्द. शिवणकामाच्या किंवा स्वयंपाकाच्या ग्रुपवर एखादी बहीण रात्री अकराला लिहिते, ‘आज मन लागत नाही.’ तिथे लगेच ‘बाजी, इथे फक्त रेसिपी’ असे लिहू नये. कदाचित हे सांगायला तिला दुसरी जागाच नसेल. एखाद्या जाणत्या आपाने तिला वेगळा फोन करावा. आणि तिने जे सांगितले त्याचा स्क्रीनशॉट दुसऱ्या ग्रुपवर जाऊ नये. मजलिसीत झालेले बोलणे अमानत असते, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. मोबाईलची मजलिसही त्याला अपवाद नाही.

मामा लगेच परत आले नाहीत. आम्ही बोलावले नाही असे नाही, पण आग्रहही केला नाही. अधूनमधून होडीजवळ जाऊन बसायचो, पाखरांविषयी विचारायचो. कट्टा सुरू झाल्यावर ते आधी कट्ट्यावर आले. तिथे मामींची तब्येत सांगितली, नातवाचा फोटो टाकला. पाखरांच्या ग्रुपवर मात्र ते पावसाळ्यातच आले. धरण भरत आले होते. पहाटेच त्यांचा आवाज आला : ‘पाणी सोडणार हायेत. म्या हापिसात इचारून आलो. खाली नदीत जनावरं घालू नका, मोटारी काढून घ्या.’ नदीकाठच्या दोघा सदस्यांनी तेवढ्या वेळात आपल्या मोटारी वर ओढून घेतल्या. त्या मेसेजमध्ये एकही पाखरू नव्हते.

यंदाही हिवाळ्यात मोजणी आहे. मामा होडी घेऊन येणार आहेत आणि पलीकडच्या खाडीतली हळदी-कुंकू तेच मोजणार आहेत. आपल्या घरातही असा एखादा ग्रुप असेल आणि तो चालवणारे कोणी असेल. त्यांना हा लेख दाखवा आणि एवढेच विचारा की मागच्या महिन्यात आपल्या ग्रुपमधून कोण न बोलता निघून गेले. नाव आठवले तर आजच त्यांना फोन करा.